तीन वेढ्यांची तार

१

गाडी पेटली तेव्हा ज्वाळा कुणाला दिसलीच नाही, असं आठ वाजेपर्यंत अख्ख्या रस्त्यावर झालं होतं. ते साफ खोटं होतं. ज्वाळा ताईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पिवळीधमक, माणसाच्या उंचीची आणि वर काळाकुट्ट धूर. पण इथेनॉलची आग उजेडात दिसत नाही, हे समोरच्या पेट्रोल पंपवाल्या काकांनी गेले दोन महिने येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवलं होतं, की लोकांनी न पाहिलेली गोष्टसुद्धा पाहिल्यासारखी सांगायला सुरुवात केली.

ताई म्हणजे गॅरेजची मालकीण. तिला ताई म्हणायचा तो तिचा धाकटा भाऊ, आणि मग सगळ्यांनीच ते नाव उचललं. त्या सकाळी साडेसहाला, अंगात कापरं भरवणाऱ्या थंडीत, धाकट्याने अंगणातली आपली गाडी सुरू करायला घेतली. इंजिन दोन-तीनदा घुरघुरलं, मग एकदा फट्‌कन खोकलं, आणि बॉनेटखालून आग वर आली. तो बाहेर पडला खरा, पण तसा शहाण्यासारखा पळाला नाही. बॉनेट उघडायला गेला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

पंपवाले काका वाळूची बादली घेऊन सगळ्यांच्या आधी धावत आले. आग त्यांनीच विझवली. ताई तिथेच जमिनीवर बसली होती आणि एकच गोष्ट पुटपुटत होती, "दुसरी गाडी... काका, दुसरी पण तशीच केलीय आम्ही."

तिला भाऊ दिसत होता, त्याची अँब्युलन्स दिसत होती, पण मन अडकलं होतं ते दुसऱ्याच गाडीत. दोन महिन्यांपूर्वी बहीणभावाने मिळून दोन पेट्रोलच्या गाड्या इथेनॉलवर आणल्या होत्या. इथेनॉल जास्त लागतं म्हणून कार्बोरेटरची भोकं रुंद केली. टाक्या घासून धुतल्या. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि चिरतात, म्हणून त्या फेकून नव्या, दणकट नळ्या घातल्या. नळ्यांचं सगळं काम ताईचं. एक गाडी धाकट्याची. दुसरी ताईचा नवरा चालवायचा, आणि काल संध्याकाळी तो त्याच गाडीतून त्यांच्या सात वर्षांच्या छकुलीला घेऊन डोंगरावर आपल्या आईकडे गेला होता. आज अकराच्या सुमारास ते परत निघणार होते.

नळी आपल्या हातून सैल राहिली असेल, तर ती एकाच गाडीत राहिली असेल कशावरून?

तिने नवऱ्याला फोन लावला. लागला नाही. सासूबाईंच्या घरी फोनला रेंज नसते, वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जावं लागतं. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

बाबा हातात दोन कप चहा घेऊन दारात आले. चाळीस वर्षं हे गॅरेज त्यांनी चालवलं होतं. त्यांनी अंगणातल्या काळ्या सांगाड्याकडे बघितलं.

"कुठली गाडी पेटली गं ही?"

"धाकट्याची, बाबा."

"आणि तो उठला नाही का अजून? चहा गार होतोय."

ताईने त्यांच्या हातातले कप घेतले. तासाभरापूर्वी त्यांच्या डोळ्यांदेखत त्याला उचलून नेलं होतं. धक्का बसलाय, असं तिने मनाला समजावलं.

२

फायर ब्रिगेडकडून नऊ वाजता तपासनीस बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि पर्समध्ये पांढऱ्याशुभ्र रुमालांची चवड. त्यांनी आल्या आल्या ना फोटो काढले, ना कागद मागितले. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि वाकून वास घेतला.

"नळ्या कुणी बसवल्या?"

"मी." ताई खाली बघत म्हणाली.

"घाबरू नका लगेच. मला अजून काही कळलेलं नाही." बाई गुडघ्यांवर बसल्या. मागच्या टाकीपासून पुढच्या पंपापर्यंतची नळी त्यांनी बोटांनी चाचपली. "ही तर धडधाकट आहे. टाकी पण भरलेली. इथून गळलं असतं तर टाकीनेही पेट घेतला असता."

मग त्या पुढच्या काचेकडे आल्या. काच तडकली होती, पण जागेवर होती. त्यावर खालून वर दोन काळे डाग पसरले होते, उघडलेल्या हातपंख्यांसारखे, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाईंनी रुमाल काढून एका डागावरून फिरवला. रुमाल काजळीने माखला.

"इथेनॉल काजळी धरत नाही. त्याची आग निळसर, निर्मळ असते. रबर जळलं, रंग जळला, तर काळं होतं, कबूल. पण काचेच्या मधोमध काय रबर होतं? हे पेट्रोल आहे, ताई. तुम्ही तर गाडीतलं पेट्रोल काढून टाकलं होतं ना?"

ताई त्या दोन पंख्यांकडे बघत राहिली. पेट्रोल होतं. दीड लिटर होतं. तिला ते ठाऊक होतं आणि सकाळपासून एकदाही आठवलं नव्हतं.

"थंडीत इथेनॉलची नीट वाफ होत नाही," ती म्हणाली. "सकाळी इंजिन उठत नाही. म्हणून सुरू करताना थोडं पेट्रोल पाजावं लागतं. त्यासाठी वेगळी टाकी कशाला, म्हणून आम्ही ती काच धुण्याच्या पाण्याची बाटली वापरली. पाण्याऐवजी तीत पेट्रोल. तिची नळी फवाऱ्यांवरून काढली आणि कार्बोरेटरच्या तोंडावर एक पितळी तोटी बसवून तिच्यावर चढवली. वायपरची दांडी ओढली की पूर्वी काचेवर पाणी उडायचं, आता कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उडतं."

"म्हणजे रोज सकाळी दांडी ओढायची?"

"थंडीत. इंजिन गरम असेल तर गरज नाही."

बाईंनी बॉनेटखाली डोकं घातलं. बराच वेळ त्यांचा फक्त आवाज येत होता. "दवाखान्यात नर्सबाईंना तुमचा भाऊ झोपेचं इंजेक्शन लागायच्या आधी म्हणाला, चार वेळा ओढली. काचेवर दव होतं, पलीकडे काय उडतंय ते त्याला दिसणार कसं? वास तर रोजचाच. चार वेळा ओढलेलं पेट्रोल काचेवरून खाली इंजिनवर उतरलं. भुकेलं इंजिन कार्बोरेटरमधून उलटं खोकलं. ठिणगीला तेवढं पुरतं." त्या बाहेर आल्या. "ही बघा तुमची तोटी. मुळापर्यंत काजळी. नळी तिच्यावर चढवलेली असती तर नळीखाली झाकलेला भाग चकचकीत राहिला असता. आग लागण्याआधीच कुणीतरी ती नळी इथून काढली आणि पुन्हा फवाऱ्यांवर नेऊन बसवली."

"आपोआप...?"

"नळ्या आपोआप जागा बदलत नाहीत. तुमच्या नळ्यांचा दोष नाही, ताई. पण हे कुणीतरी केलंय."

हायसं वाटायला हवं होतं. उलट तिचं धाबं दणाणलं. नळी सैल राहणं ही चूक असते. नळी काढून दुसरीकडे लावणं हे काम असतं.

बाई चष्मा पुसायला वळल्या, तेवढ्यात ताईने फवाऱ्याच्या बुडाशी बोट घातलं. वितळलेल्या नळीच्या चिकट गोळ्याभोवती काहीतरी टोचेल असं होतं, पण टोचलं नाही. तांब्याची बारीक तार. तिने ती ओढून काढली, तळहातावर बघितली, आणि श्वास न घेता खिशात टाकली.

३

"पंपवाल्या काकांशी बोलायला हवं," बाई म्हणाल्या. "गाड्या इथेनॉलवर गेल्या तर त्यांचं गिऱ्हाईक जाणार."

ताईला खिशातल्या तारेशिवाय काही सुचत नव्हतं, पण ती त्यांच्यामागे रस्ता ओलांडून गेली. पंपावर एकटा नोकर होता.

"मालक नाहीत. आठ वाजता गाडी काढली आणि गेले. कुठे ते सांगितलं नाही."

"रोज जातात?"

"रोज? मालक पंप सोडून जेवायलासुद्धा जात नाहीत."

बाईंनी ताईकडे बघितलं. "गॅरेजमध्ये येणंजाणं होतं त्यांचं?"

"रोज संध्याकाळी येऊन चेष्टा करायचे. गाडीला दारू पाजता, एक दिवस झिंगून गटारात पडेल म्हणायचे." ती थांबली. "पण वाळूची बादली घेऊन तेच आधी आले होते."

"आधी येणाऱ्याला कधीकधी आधीच माहीत असतं."

बाई नोकराला प्रश्न विचारत राहिल्या. ताईने हळूच खिशात हात घातला. अंगठ्याखाली तारेचे वेढे लागले. एक, दोन, तीन. टोक आत दुमडलेलं.

तीन वेढे आणि टोक आत. बाजारात नळी आवळायच्या पत्र्याच्या क्लिपा मिळायला लागून जमाना झाला होता, आता कुणी तारेने नळी बांधत नाही. ती नऊ वर्षांची असताना तिला हे एका माणसाने शिकवलं होतं. टोक नेहमी आत दुमडायचं, पोरी. उद्या तिथे दुसऱ्या कुणाचा हात जाईल, त्याला ओरखडा यायला नको.

आणि त्याच माणसाने दोन महिन्यांपूर्वी ती पितळी तोटी स्वतः लेथवर कातून दिली होती. म्हणजे नळी कुठे जाते, तिच्यातून काय वाहतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि परवाच जेवताना धाकट्याशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. पोरगा म्हणाला होता, सगळं गॅरेज आता मी याच कामाला लावणार, तुमचे दिवस गेले, बाबा. बाबा ताटावरून उठून गेले होते.

बाप असं करत नाही, असं ती स्वतःला सांगत होती, आणि खिशातले वेढे मोजत होती.

४

बाबा आत लोखंडी स्टुलावर बसून पाने पुसत होते. बारा नंबरचा पाना पुसून झाला, जागेवर गेला, आणि थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तोच उचलला.

बाई फाटकाशी फोनवर बोलत होत्या. ताईने दार लोटून घेतलं.

"बाबा, काल संध्याकाळी तुम्ही अंगणात फेरी मारलीत?"

"रोज मारतो. चाळीस वर्षं मारतोय. गाडी दारातून बाहेर जायची तर एकदा बॉनेट उघडून बघितली पाहिजे. तेल, पाणी, पट्टा. तुम्हा पोरांना घाई."

"धाकट्याची गाडी बघितली?"

"बघितली. कुणीतरी फवाऱ्याची नळी भलतीकडेच खुपसून ठेवली होती. असली अर्धवट कामं बघितली की हात शिवशिवतात माझे. दिली बसवून जागेवर." ते सहज म्हणाले. "धाकटा कुठंय?"

ताईने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. लबाडी शोधत होती, राग शोधत होती. काहीच सापडेना. किंवा बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी लपवायला घेतलं होतं आणि ते त्यांना बेमालूम जमत होतं. यातलं कशाला जास्त भ्यावं ते तिला कळेना.

"बाबा," ती म्हणाली. "अंगणात काल दोन गाड्या होत्या."

"हो. जावयांची पण होती. तासभर होती, मग छकुलीला घेऊन गेले."

"तिची नळी?"

"तिची पण तशीच होती." बाबांनी पाना जागेवर ठेवला. "तीही बसवली."

५

काल संध्याकाळी नवऱ्याने ती गाडी नुकतीच चालवून आणली होती. इंजिन गरम होतं, दांडी ओढायची गरजच नव्हती. पण रात्रभर ती डोंगरावरच्या थंडीत उभी होती. ताईने घड्याळात बघितलं. अकराला दहा कमी.

ती फोन लावत अंगणात धावली. लागला नाही. लागला नाही. गाडी घेऊन निघालं तरी तीन तासांचा रस्ता. बाई काहीतरी विचारत होत्या, तिला ऐकू येत नव्हतं. आणि मग हातातला फोनच वाजला. नवरा.

"अगं, काय करून ठेवलंय गाडीला?" त्याला दम लागला होता. "टाकीपर्यंत चढत आलो तुला विचारायला. सुरूच होत नाही. दांडी ओढली तर इंजिनात काही जात नाही, काचच धुतली जाते! जुनं परत जोडलंत की काय तुम्ही?"

"ओढलीस? किती वेळा?"

"ओढली असेन पाच-सहा वेळा."

"आणि?"

"आणि काय? काच स्वच्छ झाली. मी आलो निघून."

तिला क्षणभर काही उमगेना. पाच-सहा वेळा ओढली आणि पेटली नाही. "गाडीजवळ कुणी नाही ना? छकुली कुठंय?"

"गाडीतच बसलीय. तिला गंमत वाटतेय त्या दांडीची. आल्यापासून ओढतेय, फवारा बघतेय."

"किल्ली काढलीस?"

"किल्ली?"

"किल्ली काढलीस का?"

"लावलेलीच आहे," तो म्हणाला, "पण त्याचं काय..."

"पळ!" ताई ओरडली. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "तिला बाहेर काढ, किल्ली फिरवू देऊ नकोस, पळ, आधी पळ!"

फोन बंद झाला. उतारावर धावणाऱ्या पायांचा एकदोनदा आवाज आला होता, एवढंच. तपासनीस बाईंनी तिचा दंड धरला आणि सोडला नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ताई एकसारखी काचेवरच्या त्या दोन काळ्या पंख्यांकडे बघत होती आणि मनात छकुलीचं नाव घेत होती. बावीस मिनिटांनी फोन वाजला, आणि आवाज पंपवाल्या काकांचा होता.

"ताई, पाण्याच्या टाकीपाशी आलोय, पोरगी माझ्या कडेवर आहे. रडतेय, कारण बापाने दांडी ओढू दिली नाही. मी पोचलो तेव्हा जावईबापू तिला घेऊन शेतात पळत होते, मला वाटलं वेड लागलं यांना."

"काका, तुम्ही तिथे कसे?"

"सकाळी तूच म्हणालीस ना, दुसरी पण तशीच केलीय. तुझा जावईबापूंना फोन लागत नव्हता. निघालो. सांगत बसलो असतो तर उशीर झाला असता." त्यांनी घसा खाकरला. "माझ्या गाडीतून आणतो दोघांना. पेट्रोलच्या."

ताई तिथेच मटकन बसली आणि मोठ्याने रडली.

६

"ती बाटली बघून घ्या म्हणावं," तपासनीस बाईंनी ताईच्या हातातून फोन घेऊन सांगितलं. "हात न लावता. नुसती बाहेरून. काय दिसतं?"

काका उतरून गाडीपाशी गेले, आणि पुन्हा टाकीपर्यंत चढून त्यांनी फोनवर सांगितलं. बाटली अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली. तळाशी दोन बोटं पाणी. त्याच्यावर तरंगतंय पेट्रोल.

बाईंनी फोन परत दिला, चष्मा कपाळावर चढवला, आणि ताईसमोर पायरीवर बसल्या. "आता खिशातली तार काढा."

ताईने मान वर केली.

"वितळलेल्या नळीवर तीन वळ होते, तार नव्हती. मी दोन तास वाट बघतेय. तुम्ही ती ज्याच्यासाठी लपवलीत, त्याच्याविरुद्ध नाही, त्याच्या बाजूने बोलणार आहे मी. काढा."

ताईने मूठ उघडली.

"घातपात करायचा असता," बाई हळू बोलत होत्या, "तर दुसऱ्या बाटलीत पेट्रोल वाढवलं असतं. इथे काय झालं? धाकट्याची बाटली काठोकाठ भरलेली होती, तीत काही घालायला जागाच नव्हती. जावयांची अर्धी रिकामी होती. नळी जागेवर बसवणाऱ्या माणसाने ती भरली, पाण्याने. काच धुण्याच्या बाटलीत माणूस पाणीच घालतो. पाणी जड, ते खाली बसलं. बाटलीचा पंप तळातून ओढतो. म्हणून तुमच्या यजमानांनी आणि पोरीने काचेवर नुसतं पाणी उडवलं. अजून दोन बोटं, आणि मग..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "त्या माणसाला त्या बाटलीत पेट्रोल असल्याचं काल संध्याकाळी ठाऊकच नव्हतं."

"पण तोटी त्यांनीच कातून दिली होती. दोन महिन्यांपूर्वी. आम्ही समजावलं होतं, सगळं."

"दोन महिन्यांपूर्वीचं गेलं असेल. चाळीस वर्षांपूर्वीचं राहतं. असंच असतं ते."

ताईला एकेक आठवायला लागलं. दोन कप चहा. पुन्हा पुन्हा पुसलेला पाना. धाकटा उठला नाही का. गेल्या वर्षभरातल्या अशा किती गोष्टींना तिने दमलेत, वय झालं, ऐकू आलं नसेल, अशी नावं दिली होती! तिला कळत होतं. कळून घ्यायची भीती वाटत होती, एवढंच.

दुपारी छकुली आली, काकांच्या खांद्यावर झोपलेली. धाकटा शुद्धीवर आला; बोटं वाचतील असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी तार ताईच्याच हातात ठेवली आणि निरोप घेतला. ताईने बाबांना समोर बसवून सगळं सांगितलं. ते रडले, आणि तासाभराने विचारायला आले, कुठली गाडी पेटली गं? तिने पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी बाबांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि फेरीला निघाले. ताई उठून त्यांच्याबरोबर गेली. काळ्या गाडीपाशी ते थांबले. वाकले. बराच वेळ त्या दोन पंख्यांकडे बघत राहिले.

"काचेवर पेट्रोल उडालंय इथे," ते म्हणाले. हात आणि डोळे अजून मिस्त्रीचेच होते. "कुठल्या गाढवाने फवाऱ्याला जोडलं पेट्रोल? पोरगं मेलं असतं ना!"

ताईची आवळलेली मूठ त्यांना दिसली. त्यांनी ती हळूच उघडली, तार चिमटीत धरून मावळत्या उजेडाकडे नेली आणि वेढे मोजले. आत दुमडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने आपल्या बापाला घाबरलेलं बघितलं.

"हे माझं आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा."

त्यांनी खिशातून आपली जुनी पक्कड काढली, तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं त्यावर मिटवली. मग खाली बघत, अगदी बारीक आवाजात विचारलं, "हे तू मला आधी सांगितलं होतंस का?"

त्यांना हे कळायची त्या दिवसातली ती तिसरी वेळ होती.

"नाही, बाबा," ताई म्हणाली. "आत्ताच कळलं आपल्याला."